न पोहोचलेल्या मेलची चौकशी

‘तुमचा मेल मिळालाच नाही’ हे वाक्य मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या कानावर येते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पाठवणाऱ्याने मेल पाठवला, समोरच्या सर्व्हरने तो घेतल्याची पावती दिली आणि पाठवणारा निर्धास्त झाला. ज्याला तो मिळायचा, त्याला असा मेल निघाल्याचीच कल्पना नव्हती. मग तो वाट तरी कशाची पाहणार? मधल्या स्पॅम फिल्टरने तो मेल बाजूला ठेवला किंवा नाहीसा केला. पंधरवड्याने दोघांपैकी एकाने फोन केला, तोवर प्रवेशाची मुदत संपली होती किंवा निविदा उघडून झाली होती. संकेतस्थळ बंद पडले तर दहा मिनिटांत दहा जणांचे फोन येतात. डिस्क भरली तर यंत्रच कुरकुरते. फिल्टर चुकीच्या बाजूने कडक झाला, तर ज्याचे नुकसान होते त्याला ते कळत नाही आणि ज्याला ते थांबवता येईल त्याच्यापर्यंत तक्रार पोहोचत नाही.

फिल्टर ढिला पडला, तर गोष्ट वेगळी असते. सकाळी इनबॉक्स जाहिरातींनी भरलेला दिसतो आणि सगळे कार्यालय दाराशी उभे राहते. फसवणुकीचा मेल आत शिरला तर मोठे नुकसान होऊ शकते हे खरे आहे. तरी तो मेल निदान डोळ्यांसमोर असतो, त्याबद्दल कोणाला विचारता येते, सावध करता येते. म्हणून या पुस्तिकेत मी भर दिला आहे तो अन्यायाने अडवलेल्या मेलवर.

विषय लिनक्सवरच्या मेल सर्व्हरचा आहे, आणि त्यातही एका ठरावीक मांडणीचा. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, त्याच्याकडून मेल घेऊन तपासणीला देणारा अमाविस, गुण मोजणारा स्पॅमअसॅसिन आणि शेवटी मेल ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा डव्हकॉट. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात लिहिला. तो १९९८ मध्ये बाहेर आला. स्पॅमअसॅसिन जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये खुला केला आणि २००४ पासून तो अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. आज नवा सर्व्हर उभारणारे बरेच जण आरस्पॅमडी निवडतात, आणि ती निवड चांगली आहे. मी जुनी मांडणी घेतली, कारण महाविद्यालये, पतसंस्था, छापखाने यांच्या कोपऱ्यातल्या खोल्यांत जे सर्व्हर वर्षानुवर्षे चालू आहेत, त्यांवर मला तीच दिसत आली आहे. ज्याने ती उभारली तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि जो आता सांभाळतो त्याला ती वारशात मिळालेली असते. ही पुस्तिका त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

मुळात फिल्टर का लागतो, हे थोडक्यात सांगतो. मेल पोहोचवण्याचा जो प्रोटोकॉल आपण आजही वापरतो, त्याचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. मेल कोणाकडून आला, हे पाठवणारा सांगेल ते खरे, असे त्यात धरले होते. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यात ते चालून गेले. तसे पाहिले तर तिथेही १९७८ च्या मे महिन्यात डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकगठ्ठा पाठवली होती. पाठवणारा खरा आहे की खोटा हे प्रोटोकॉल सांगत नाही, म्हणून बाकीच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या सह्या-साक्षीच्या पद्धती आल्या आणि परिस्थिती बरीच सुधारली, पण अंदाज बांधण्याचे काम संपलेले नाही.

स्पॅमअसॅसिन हा अंदाज गुणांनी बांधतो. त्याच्याकडे शेकडो नियम आहेत. प्रत्येक नियमाला गुण आहेत, काही अधिक, काही उणे. मेलला जे नियम लागू पडतात त्यांच्या गुणांची बेरीज ५ वर गेली, की तो स्पॅम. या नियमांच्या जोडीला बेझची पद्धत आहे. थॉमस बेझ हे अठराव्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये एका लेखातून ती कल्पना स्पॅमच्या संदर्भात सर्वदूर पोहोचवली: चांगल्या आणि वाईट मेलमध्ये कोणते शब्द किती वेळा येतात, हे यंत्राला शिकवायचे आणि नव्या मेलचा कल त्यावरून ठरवायचा. स्पॅमअसॅसिनमधला हा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकेपर्यंत मत देत नाही. मग मेल अगदी चांगला वाटला तर उणे १.९, अगदी वाईट वाटला तर अधिक ३.५. या रचनेत सहसा एकटा नियम निकाल देत नाही. त्यामुळे ‘कोणत्या नियमाने मेल अडवला’ असे विचारले तर उत्तर अर्धवट मिळते. कोणत्या तीन-चार नियमांची बेरीज झाली, आणि त्यांतला कोणता तिथे असायलाच नको होता, हे पाहावे लागते.

आता मुख्य मुद्दा. फिल्टरच्या बिघाडांची चौकशी करताना मला वारंवार असे दिसले, की कोणी काही बदलले म्हणून बिघाड झालेला नसतो. ज्या दिवशी सेटिंग लिहिले त्या दिवशी ते योग्य होते. पुढे भोवतालचे जग बदलले आणि फाईल तशीच राहिली. ‘आम्ही कशालाही हात लावलेला नाही’ असे सांगणारा माणूस खरे बोलत असतो, आणि बिघाडाचे कारणही त्याच वाक्यात असते. स्पॅम फिल्टर हा दुसऱ्यांच्या भरवशावर उभा असतो: कोणीतरी चालवलेल्या काळ्या याद्या, कोणीतरी लिहिलेले नियम, कोणाच्या तरी डीएनएस सर्व्हरची उत्तरे. त्यांपैकी एकाने आपली रीत बदलली की आपल्या यंत्रावरची जुनी ओळ खोटी ठरते.

ओआरडीबीची कथा याचे ठळक उदाहरण आहे. डेन्मार्कमधून चालणारी ही यादी खुल्या रिलेंची होती, म्हणजे कोणाचाही मेल कोणालाही पोहोचवून देणाऱ्या बेफिकीर सर्व्हरांची. त्या काळी स्पॅम पाठवणारे अशाच सर्व्हरांचा आधार घेत, म्हणून ही यादी जगभर वापरली गेली. पुढे त्यांनी विषाणू लागलेले घरगुती संगणक वापरायला सुरुवात केली, यादीचा उपयोग घटला आणि चालवणाऱ्यांनी ती डिसेंबर २००६ मध्ये रीतसर बंद केली. पण हजारो सर्व्हरांच्या सेटिंगमध्ये तिच्या नावाची ओळ तशीच राहिली आणि मेल येताच ते सर्व्हर त्या मेलेल्या यादीला विचारत राहिले. मार्च २००८ मध्ये त्या यादीने एकाएकी सगळ्या प्रश्नांना ‘हो, हा पत्ता यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ती ओळ काढलेली नव्हती, त्यांच्या सर्व्हरांनी त्या दिवसापासून जगातला प्रत्येक मेल नाकारला. त्यांच्या फाइलींत सव्वा वर्षात एक अक्षर बदललेले नव्हते.

काळ्या याद्यांची रचना कळली, तर अशा प्रसंगाची चाचणी घेणे फार सोपे असते. समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता उलटा लिहून त्यापुढे यादीचे नाव जोडायचे आणि डीएनएसला विचारायचे. नाव सापडलेच नाही तर पत्ता यादीत नाही; १२७ ने सुरू होणारे उत्तर आले तर आहे. यादी जिवंत आहे का, हे ओळखण्याची रीतही आरएफसी ५७८२ मध्ये लिहून ठेवली आहे: १२७.०.०.२ हा पत्ता प्रत्येक यादीत असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ हा कधीच असता कामा नये. दोन प्रश्न विचारायचे. पहिल्याला ‘नाही’ आले तर यादी बंद आहे किंवा तुम्हाला उत्तर देत नाही. दुसऱ्याला ‘हो’ आले तर ती सगळ्या जगालाच दोषी ठरवते आहे. आपल्या सेटिंगमधल्या प्रत्येक यादीची ही परीक्षा दर महिन्याला आपोआप घेणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिणे अवघड नाही, आणि ती नसलेला सर्व्हर मी अपुरा मानतो. सॉर्ब्ज ही अनेक वर्षे चाललेली यादी २०२४ च्या जून महिन्यात बंद झाली. तिचे नाव आजही किती फाइलींत असेल, हा विचार मनात येतोच.

याच कुळातला दुसरा बिघाड आजकाल वरचेवर भेटतो. सर्व्हर नव्या जागी हलवला जातो, आणि डीएनएससाठी कोणीतरी सवयीने गूगलचा ८.८.८.८ भरतो. वेब चालते, अपडेट उतरतात, सगळे ठीक दिसते. पण स्पॅमहाउससारख्या यादीला आता तुमचा प्रश्न लाखो इतर प्रश्नांबरोबर एकाच सार्वजनिक दारातून येताना दिसतो, आणि ती खरे उत्तर देत नाही. ती १२७.२५५.२५५.२५४ हे विशेष उत्तर पाठवते. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारत आहात. पोस्टफिक्सला तो अर्थ माहीत नसतो. १२७ ने सुरू होणारे काहीही आले म्हणजे पत्ता यादीत आहे, असे तो समजतो आणि निरपराध मेल नाकारतो. यूआरआयबीएल या दुसऱ्या यादीच्या बाबतीत तोच प्रकार हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड या नावाने दिसतो. तिथे मेल अडत नाही, पण तपासणीचा एक डोळा मिटलेला असतो. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस बसवावा, म्हणजे प्रश्न आपल्याच नावाने जातील. आणि पोस्टफिक्सच्या ओळीत कोणती उत्तरे खरी मानायची हे लिहून द्यावे: १२७.०.०.२ ते १२७.०.०.११, बाकी कशालाही दोष मानू नये.

तिसरी गोष्ट १ जानेवारी २०१० ची. स्पॅम पाठवणारे कधी कधी मेलवर पुढच्या काळातली तारीख घालत, म्हणजे तो इनबॉक्समध्ये सर्वांत वर दिसे. ते पकडण्यासाठी स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता: वर्ष २०१० ते २०९९ यांमधले असेल तर तारीख ‘फारच भविष्यातली’ समजावी. नियम लिहिला तेव्हा तो बरोबर होता. नववर्षाच्या रात्री बारा वाजले आणि जगातला प्रत्येक प्रामाणिक मेल त्या नियमात सापडला. त्या एका नियमाचे बहुतेक मांडण्यांत तीनहून जास्त गुण होते. म्हणजे पाचाचा उंबरठा ओलांडायला दोनापेक्षाही कमी उरले. साधी शुभेच्छापत्रेसुद्धा स्पॅममध्ये गेली. नियमातली खोट विकासकांच्या आधीच लक्षात आली होती आणि विकासाच्या आवृत्तीत ती दुरुस्तही झाली होती. ती दुरुस्ती लोकांच्या वापरातल्या आवृत्तीपर्यंत पोहोचलेली नव्हती. त्याच दिवशी नियमांचे अपडेट निघाले. ज्यांच्याकडे एसए-अपडेट रोज चालत होते, त्यांना ते आपोआप मिळाले. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांचे मेल पुढेही अडत राहिले. इथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या डेबियनमध्ये स्पॅमअसॅसिन बसवल्यावर नियमांचे रोजचे अपडेट मुळात बंद असे; डिफॉल्टच्या फाइलीत क्रॉन=० अशी ओळ असे आणि ती कोणीतरी हाताने १ करावी लागे. कित्येक वारसा सर्व्हरांवर ती अजून ० आहे.

हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण म्हणजे तक्रार आल्यावर आपला हात पहिल्यांदा कुठे जातो, ते. तो जातो उंबरठ्याकडे: पाचाचे आठ करा. नाहीतर पाठवणाऱ्याचे नाव विश्वासाच्या यादीत टाका. तक्रार करणारा समाधानाने परत जातो. पण मेलेली यादी तिथेच असते, चुकीचा डीएनएस तिथेच असतो, आणि ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचे मेल अडतच राहतात. वर आठाच्या उंबरठ्यातून खरा स्पॅमही आत येऊ लागतो. कारण सापडण्याआधी उंबरठा हलवू नये, असा माझा आग्रह आहे आणि पुस्तिकेत तो पुन्हा पुन्हा येईल.

कारण सापडते ते पुराव्यातून, आणि पुरावा दोन ठिकाणी असतो. एक मेलच्या हेडरमध्ये, दुसरा लॉगमध्ये. प्रत्येक सर्व्हर मेल पुढे देताना त्यावर ‘रिसीव्हड’ची एक ओळ चढवतो. पूर्वी पाकिटावर टपाल कचेऱ्यांचे शिक्के उमटत तशाच या ओळी. फक्त त्या खालून वर वाचायच्या. आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली ओळ खरी. तिच्या खालच्या ओळी कोणीही बनावट लिहू शकतो. त्यानंतर एक्स-स्पॅम-स्टेटसची ओळ: एकूण गुण किती, उंबरठा किती, कोणते नियम लागले. लॉगमध्ये पोस्टफिक्स प्रत्येक मेलला रांगेतला एक क्रमांक देतो. तो हाती लागला की त्या मेलचा सगळा प्रवास एकापुढे एक वाचता येतो: कधी आला, अमाविसकडे १००२४ या पोर्टवर कधी गेला, १००२५ वरून परत आला की नाही. परत आल्यावर त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि नवखा माणूस इथेच वाट चुकतो. दोन क्रमांकांमधला दुवा लॉगमध्येच लिहिलेला असतो. तो कसा शोधायचा, याला मी एक अख्खे प्रकरण दिले आहे.

पुरावा वाचताना आधी ठरवावे लागते, की हुकूम कोणाच्या फाइलीचा चालतो. या एका प्रश्नावर लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. स्पॅमअसॅसिनच्या लोकल.सीएफमध्ये उंबरठा बदलला, सेवा पुन्हा सुरू केली, आणि काहीच फरक नाही. कारण मध्ये अमाविस आहे. अमाविस स्पॅमअसॅसिनकडून फक्त गुण घेतो. त्या गुणांचे काय करायचे हे तो स्वतःच्या पातळ्यांवरून ठरवतो. एका पातळीला हेडर लावायचा, दुसरीला स्पॅमची खूण करायची, तिसरीला मेल अडवायचा. लोकल.सीएफमधला पाच हा आकडा त्याच्या हिशेबात येतच नाही. तसेच, ज्या डोमेनची नावे त्याच्या स्थानिक यादीत नाहीत त्यांच्या मेलवर तो हेडरच लावत नाही. संस्थेने नवे डोमेन घेतले, आणि ते या यादीत घालायचे राहिले, तर त्या डोमेनचा मेल तपासला जातो पण त्यावर काहीच दिसत नाही. मग डव्हकॉटमधला सीव्हचा नियम, जो स्पॅमची खूण पाहून मेल जंकमध्ये टाकतो, त्याला पाहायला काही उरत नाही.

बेझला शिकवणी देतानाही हीच फसगत होते. प्रशासक रूट म्हणून लॉगिन करतो आणि मन लावून हजारभर मेल एसए-लर्नला देतो. ते सगळे शिक्षण रूटच्या घरातल्या डेटाबेसमध्ये जमा होते. फिल्टर चालतो अमाविस या वापरकर्त्याच्या नावाने, आणि त्याचा डेटाबेस वेगळा, रिकामा. शिकवायचे असेल तर त्याच वापरकर्त्याच्या नावाने शिकवावे आणि किती मेल शिकले गेले हेही त्याच्याच नावाने मोजावे. जिथे अमाविस नाही आणि स्पॅमसी व स्पॅमडी ही जोडी काम करते, तिथे आणखी एक सापळा आहे: स्पॅमडी बंद असला तर स्पॅमसी मेल तपासणीविनाच पुढे जाऊ देतो. मेल हरवू नये म्हणून ही तजवीज आहे, आणि ती योग्यच आहे. पण सेवा कित्येक महिने बंद असली तरी मेलपेटीत कोणतीही चूक दिसत नाही. लोकल.सीएफमध्ये शब्दाचे स्पेलिंग चुकले तर स्पॅमअसॅसिन ती ओळ सोडून देतो आणि पुढे चालू लागतो. म्हणून फाईल बदलल्यावर लिंटची आज्ञा चालवण्याची सवय अंगी बाणवावी. ती काही सेकंदांत चुकलेली ओळ दाखवते.

आपल्या सर्व्हरभोवतीचे जाळे फिल्टरला नीट सांगितलेले नसेल, तरीही निकाल बिघडतात. सर्व्हर राउटरच्या मागे खासगी पत्त्यावर असला, की स्पॅमअसॅसिन कोणते सर्व्हर आपले आणि कोणते परके याचा अंदाज करतो, आणि तो चुकू शकतो. बाहेरून आलेल्या स्पॅमवर ऑल_ट्रस्टेड हा नियम लागलेला दिसला, म्हणजे फिल्टर परक्याला घरचा समजून एक गुण कमी करतो आहे, एवढे निश्चित समजावे. ट्रस्टेड_नेटवर्क्सची एक ओळ हे दुरुस्त करते.

आता एक भाग खास मराठी वाचकांसाठी, कारण तो मला इतर भाषांतल्या मार्गदर्शिकांत भेटला नाही. आपले मेल देवनागरीत असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दुसरा दोनांपैकी एक, खरा फरक तिसऱ्यात. स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्यांत बेझसाठी शब्द तोडताना या सीमा पाळल्या जात नसत; मराठी शब्द बाइटांच्या तुकड्यांत चिरला जाई. ‘परीक्षा’ आणि ‘कर्ज’ यांतून जवळपास सारखेच तुकडे निघत असतील तर यंत्राने काय शिकायचे? डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत बहुभाषिक मजकुराची हाताळणी बरीच सुधारली, आणि डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आहे. मराठी मेल येणाऱ्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट भाषेच्या ओळखीची. टेक्स्टकॅट नावाचे एक प्लगइन मजकुराची भाषा ओळखते, आणि मान्य भाषांच्या यादीत ती नसेल तर सुमारे २.८ गुण चढवते. परदेशी लेखातून जशीच्या तशी उचललेली ‘फक्त इंग्रजी’ अशी ओळ आपल्याकडच्या सर्व्हरवर असली, तर प्रत्येक मराठी पत्र निम्म्या शिक्षेसह फिल्टरपुढे उभे राहते. मराठीचा संकेत या प्लगइनला माहीत आहे. हिंदी, नेपाळी आणि संस्कृतचाही. लिपी एकच असल्यामुळे आखूड मजकुरात ही ओळख गडबडू शकते, म्हणून प्लगइन ठेवायचेच असेल तर चारही भाषा मान्य कराव्यात.

तिसरी गोष्ट शिकवणीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चांगल्या मेलचे नमुने गोळा करताना सहज हाताला लागतात ती इंग्रजी परिपत्रके. स्पॅमच्या ढिगात मात्र कर्जाच्या आणि घरबसल्या कमाईच्या मराठी जाहिराती असतात. अशी शिकवणी मिळालेल्या फिल्टरच्या लेखी देवनागरी अक्षर हीच स्पॅमची खूण ठरते. मग विद्यार्थ्याचा मराठी अर्ज, ग्रामपंचायतीचे पत्र, एखाद्या लेखकाने संपादकाला पाठवलेली कथा, हे सगळे केवळ भाषेमुळे अडते. चांगल्या मेलचे ते पहिले २०० नमुने निवडताना मराठी मेल मुद्दाम, भरपूर घ्यावेत: सूचना, निमंत्रणे, अर्ज, घरगुती पत्रेसुद्धा. अर्थात ज्यांची ती पत्रे आहेत त्यांना विचारून.

चौकशी चालू असताना मेल येतच असतो, त्यामुळे दुरुस्तीतही संयम लागतो. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट_बाउन्स नावाचे एक सेटिंग आहे. ते चालू केले की कायमचा नकार तात्पुरत्या नकारात बदलतो. समोरचा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः असा प्रयत्न साधारणपणे पाच दिवस करतो. तेवढ्या अवधीत कारण शोधता येते आणि कोणाचे पत्र परत जात नाही. एखादा नियम नवा असेल, तर त्यापुढे वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहून तो आधी फक्त लॉगमध्ये बोलू द्यावा. काय अडले असते ते काही दिवस वाचावे, मग त्याला अधिकार द्यावा.

अमाविसच्या डी_डिस्कार्डबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. पोस्टफिक्सने मेल घेतल्याची पावती पाठवणाऱ्याला दिलेली असते, आणि त्यानंतर हा पर्याय तो मेल पेटीपर्यंत जाऊ देत नाही. दोन्ही बाजूंना काहीही कळत नाही. स्वीकारल्यानंतर नकाराचा मेल उलट पाठवणे हाही मार्ग नाही. स्पॅमवरचा पत्ता बहुधा चोरलेला असतो, नकार भलत्याच माणसाला जातो, आणि आपला सर्व्हर स्वतः काळ्या यादीत जातो. तेव्हा नाकारायचे असेल तर दारातच, पावती देण्याआधी नाकारावे. म्हणजे खऱ्या माणसाला आपला मेल गेला नाही हे लगेच कळेल. एकदा स्वीकारला, की तो जंक फोल्डरमध्ये का होईना, ज्याचा आहे त्याच्या हाती पोहोचवावा. जागा वाचावी म्हणून कोणी याला विरोध करील. आज डिस्क स्वस्त आहे. हरवलेला अर्ज तसा नाही.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी तीन गोष्टी जवळ असू द्याव्यात. ज्याबद्दल तक्रार आहे तो मेल, मूळ रूपात, सगळ्या हेडरसकट. साधा फॉरवर्ड केलेला चालत नाही. फॉरवर्ड करताना मूळ हेडर गळतात, म्हणून मेलची फाईल जतन करून ती जोडून पाठवायला सांगावे. मेल परत गेला असेल तर पाठवणाऱ्याकडे आलेला नकाराचा मजकूर, पूर्ण. आणि दोन्हीही नसेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पाठवल्याची वेळ. लॉगमध्ये शोधायला तेवढे पुरते. डेबियनवर मेलचा लॉग दर आठवड्याला बदलतो आणि जुने चार ठेवून बाकीचे पुसले जातात. बाराव्या आवृत्तीपासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, तिथे हा लॉग जर्नलमध्ये शोधावा. तक्रार तीन आठवड्यांनी आली असेल, तर बाकी काहीही करण्याआधी त्या लॉगची प्रत काढून वेगळी ठेवावी.